नव्वद मिनिटांची भुकटी

हसतेस काय? हस. आधी मीपण हसलेच.

गुरुवार होता, बाहेर गुडघाभर बर्फ. माझ्या लेकीचं, लोर्नाचं बाळ वेळेआधी झालेलं, ते शुक्रवारी दुपारी दवाखान्यातून घरी यायचं होतं. त्याच्या खोलीला जिप्समचे बोर्ड मारून झालेले, सांधे मात्र उघडेच. डॉक्टरनं बजावलेलं, बाळ आलं की कणभर धूळ नको. हेच काम मी आणि माझ्या नवऱ्यानं, डेल्मरनं, चाळीस वर्षं केलं. तो जाऊन सोळा दिवस झाले होते. मी रडले नव्हते. पाय बधिर होतो ना, तसं सगळं अंग.

"आई, राहू दे. बाळाला आमच्या खोलीत ठेवू," लोर्ना दवाखान्यातून फोनवर म्हणाली.

"गप गं. तुझा बाप असता तर एव्हाना आटपून कॉफी मागत बसला असता."

डब्यातली तयार पुट्टी वाळायला एकेका हाताला दिवस घेते. तीन हात म्हणजे तीन दिवस. म्हणून पुट्टीची भुकटी घेतली, ती कालवली की नव्वद मिनिटांत आवळते, घट्ट होते. धुतलेली बादली, थंड पाणी, वरून भुकटी भुरभुरत दह्यासारखी कालवली. थापी घ्यायला वळले... बादलीत दगड.

बादलीत जुन्या पुट्टीचा एक खडा राहिला तरी नवी अशी झटक्यात आवळते. मला सांगतेस? चाळीस वर्षं तोच खडा मी डेल्मरच्या बादलीत गुपचूप टाकायचे. तो बोंबलायचा, "थेरडे, एक दिवस फेडीन!"

दुसरी बादली, कोरी करकरीत. दगड. तिसरी. हात लावला तर गरम, ताप आलेल्या कपाळासारखी.

"झालं फेडून?" मी रिकाम्या खोलीला विचारलं. "आता पोरीचं काम करू दे की रे..."

पलीकडच्या खोलीत कुणीतरी थापी बादलीच्या काठावर पुसली. एकदाच. घाबरायला हवं होतं. नाही घाबरले.

भुकटी संपली. मग तयार पुट्टीत सांध्यांवर टेप बसवली, एकच हात मारला, लोर्नाच्या घराला कुलूप लावलं नि माझ्या घरी जाऊन झोपले.

शुक्रवारी सकाळी मीच कुलूप उघडलं. तिन्ही हात मारलेले, सुकलेले, घासून गुळगुळीत. जमिनीवर धुळीचा कण नाही.

लोर्ना बाळाला घेऊन आली नि रडलीच. "आई, रात्रभर जागलीस?"

मी हो म्हणून मान हलवली. मनात म्हटलं, डेल्मर, आता मला रडू यायला हवं. नाही आलं.

बाळ निजल्यावर मी दिवा भिंतीला टेकवून धरला. तिरप्या उजेडात पुट्टीवाल्याचा हात ओळखू येतो, सहीसारखा. एकूण एक फटका डाव्या हाताचा.

डेल्मर उजव्या हाताचा. मी पण.

आणि पाळण्यामागचा सांधा, सकाळी सुका होता तो, आता ओला होता...