रिपोर्ट खोटा ठरावा म्हणून

तनुजा भांडायलाच आली होती. बालरोग विभागाच्या जिन्यात समोरून उतरणाऱ्या पहिल्याच पांढऱ्या कोटाला तिनं अडवलं.

"डॉक्टर सुदर्शन कुठं भेटतील?"

"मीच... बोला."

उंच, सावळा, हातात अर्धा खाल्लेला पेरू. इतका साधा माणूस निघेल असं तिला वाटलं नव्हतं. पण राग काही माणूस बघून उतरत नाही.

"तुम्हीच का ते! परवा माझ्या भाचीच्या खाटेपाशी उभं राहून सगळ्या वॉर्डाला ऐकवलंत — हिला पुढं दमा होणार म्हणून!"

"'होणार' असं नाही म्हणालो मी, शक्यता —"

"ऐकणाऱ्यांनी 'होणार'च ऐकलं!"

श्रेया तिच्या भावाची मुलगी, आठ महिन्यांची. विषाणूमुळं छाती भरली म्हणून आठवडाभर दवाखान्यात होती. अशा बाळांपैकी पुढं कुणाला पुन्हा पुन्हा घरघर लागेल, हे रक्तातल्या काही खुणांवरून आधीच ओळखता येतं का, यावर सुदर्शनचा अभ्यास चालू होता. सुरेखावहिनीनं परवानगी दिली होती. श्रेयाच्या रक्तात त्या खुणा जास्त निघाल्या. त्यानं ते सांगितलं, तेव्हा तनुजाला बघून गेलेल्या वैजापूरच्या मुलाची मावशी नेमकी बाळाला भेटायला आलेली, शेजारीच टेकलेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला — तुमच्या खानदानातच दमा आहे, आमच्याकडून नाही समजा.

सगळं ऐकून सुदर्शनचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. वहिनींना बाजूला नेऊन सांगायला पाहिजे होतं."

बास, एवढंच. एक सबब नाही की सारवासारव नाही. रस्ताभर जुळवून आणलेली वाक्यं तनुजाच्या तोंडातच राहिली, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

त्याच आठवड्यात ती गारखेड्यातल्या शाळेत शिकवून सुटतेय तोच आईचा, आशाबाईंचा, फोन. "अगं, वैजापूरकर व्हय म्हणले! ते डाक्टर सोता गेलते त्यायच्या घरी. लेकराच्या रक्तावरून आत्याचं काही ठरत नाय, असं समजून सांगितलं म्हणं!"

तनुजानं स्कूटी थेट दवाखान्याकडं वळवली.

"तुम्हाला जायला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्यामुळं मोडलं... म्हटलं, मीच जोडून द्यावं."

"मी काय स्थळासाठी भांडले होते? ज्या लेकराला अजून बोलता येत नाही, त्याच्यात त्यांनी खोट काढली, म्हणून भांडले! ते स्थळ मला पहिल्यापासून नको होतं. मोडलं तेव्हा सुटले म्हटलं मी. आणि तुम्ही... एसटीनं जाऊन ते पुन्हा माझ्या गळ्यात बांधून आलात!"

गडबडला की सुदर्शनची गंगापूरकडची बोली बाहेर यायची. "मंग... लई मोठा घोळ केला का मी?"

तिला हसू फुटलं. ते दिसू नये म्हणून ती पाठ फिरवून तरातरा निघून गेली.

वैजापूरला नकार तिनं स्वतः कळवला. आशाबाई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढं तपासणीची तारीख आली, की 'वहिनीला कामं असतात' म्हणत श्रेयाला तनुजाच नेऊ लागली. तो बाळाच्या छातीला लावण्याआधी स्टेथोस्कोप तळहातावर घासून कोमट करायचा. ती ते बघत राहायची... आणि त्यानं मान वर केली, की भांडायची. रांग किती, रक्त किती काढता, पंखा का बंद!

"श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तर घरी थांबायचं नाही," तो दरवेळी बजावायचा.

"माहितीय हो! पाठ झालंय!"

डिसेंबरात एका दुपारी तो खड्डा पडला. श्रेयाच्या छातीतून शिट्टी वाजत होती. वहिनीला रडू आवरेना. तनुजानं बाळ उचललं, वहिनीला रिक्षात बसवलं आणि दवाखाना गाठला. सुदर्शननं धावत येऊन बाळाला वाफ लावली. हळूहळू श्वास सैल झाला. वहिनीच्या मांडीवर श्रेया झोपली, तेव्हा तो बाहेर व्हरांड्यात आला.

"वेळेवर आणलंत. आता श्वासाचा पंप सुरू करू. नीट सांभाळता येईल."

तनुजा त्याच्यावर उसळली. "रिपोर्ट खरा ठरला ना? झालं समाधान?"

त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "समाधान? या एका पोरीचा रिपोर्ट खोटा ठरावा म्हणून दर महिन्याला मनात हात जोडतो मी! अभ्यास करणाऱ्यानं असं मागू नये, कळतं मला. तरी मागत होतो... तुम्ही तिला कडेवर घेऊन यायचात, म्हणून."

तनुजा खाली बघत म्हणाली, "मला तुमचा राग येतो. शाळेत फळ्यावर लिहिताना येतो. पोळ्या लाटताना येतो. आणि तुम्ही दिसला नाहीत ना... की जास्तच येतो."

तो जवळ सरकला. तिच्या हातावर त्यानं अलगद हात ठेवला. "माझं बी तसंच हाय," तो पुटपुटला.

पर्समधला फोन वाजला. आशाबाई.

"लेकरू कसंय? झोपलं? मग एवढा येळ काय करतीस तिथं?"

तनुजानं त्याच्याकडं पाहिलं. हात सोडवून घेतला नाही.

"डॉक्टरांशी भांडतेय," ती म्हणाली. "अजून बराच वेळ लागेल."