चाळीस प्रश्न आणि लाल पेन्सिल

"लवू! अरे 'झालाच'मधला 'च' केवढा काढलास! भिंत संपली की! आता 'पाहिजे' कुठे लिहायचं?"

"शेजारच्या भिंतीवर!"

"ती शेजारची भिंत पिठाच्या गिरणीवाल्याची आहे. तो आपल्यालाच दळून काढील!" गेरूची बादली धरून उभा असलेला जयवंत खो खो हसत सुटला.

लवू पिंपावर उभा होता. उभा कसला, नाचतच होता म्हणा ना! अठ्ठावन्न सालच्या मे महिन्याची सुट्टी. संध्याकाळी शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा. त्याआधी लालबागमधल्या निदान दहा भिंती रंगवायच्या, असा पोरांनी चंगच बांधला होता. आणि सातवीतल्या लवू पेडणेकरला कुठलंही काम हाती घेतलं की ते कधी एकदा संपतंय असं व्हायचं. जेवतानाही त्याचा एक पाय दाराबाहेर असायचा!

तेवढ्यात बकुळा आली. ती समोरच्या चाळीतली. वर्गात पहिला नंबर कधी न सोडणारी. आठवडाभर शीवला आत्याकडे राहून कालच परतली होती. एरवी आली की आधी शुद्धलेखनाच्या चुका काढायची. आज भिंतीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"बाबांचं नाव नाही लागणार," ती म्हणाली.

जयवंतचं हसू थांबलं. लवूचा हात हवेतच राहिला.

बकुळाचे बाबा म्हणजे भिवाकाका. गिरणीत कताईखात्यात बदली कामगार. कायमचा कामगार रजेवर असेल त्या दिवशी त्याच्या जागी बदलीवाल्याला काम, नाहीतर सकाळी गेटवरूनच घरी परत. भिवाकाकांनी अशी नऊ वर्षं काढली होती. तुटलेला धागा सांधण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खात्यात कोणी नव्हता. या महिन्यात चार जागा कायम होणार होत्या आणि उमेदवार होते पाच. पण गिरणीतल्या नव्या सबनीस साहेबांनी विलायतेहून एक स्वभाव-चाचणी आणली होती. चाळीस प्रश्न, पुढे 'होय' किंवा 'नाही'. त्यावरून म्हणे माणूस आरपार कळतो! काल प्रत्येकाला निकालाची चिठ्ठी मिळाली होती.

बकुळानं ती उलगडून वाचली. "'गट क. स्वभाव अस्थिर. जबाबदारी टाळण्याकडे कल. कायम नेमणुकीस अयोग्य.' माझे बाबा अस्थिर? नऊ वर्षांत एक दिवस गेटवर उशिरा गेले नाहीत! आज चार वाजता यादी फळ्यावर लागणार. आई म्हणते, आता शाळा पुरे. जूनपासून शीवला राहायचं आणि आत्याची पोरं सांभाळायची."

"आणि दत्तारामकाका गट अ!" जयवंत उसळला. "'धीरगंभीर, नेतृत्वास योग्य' म्हणे! पत्त्यांत हरले की चाळ डोक्यावर घेतात ते धीरगंभीर?"

"ए! माझे बाबा आहेत ते!" लवू ओरडला. पण ओरडण्यात नेहमीचा जोर नव्हता.

"हेच तर कळत नाही," बकुळा म्हणाली. "बाबांना सही येते, पण वाचन जेमतेम. मी असते तर मीच कागद भरला असता. कुणी भरला असेल?"

लवूनं ब्रश बादलीत टाकला. मग उचलला. मग परत टाकला.

"लवू?"

"मी," लवू म्हणाला.

आणि मग धरण फुटावं तसं त्यानं सगळं सांगून टाकलं. रविवारी दुपारी पाचही जणांनी आपापले कागद त्याच्यापुढे टाकले होते. "भर रे लवू, तू शिकलेला!" प्रश्न तरी कसले! 'मेजवानीत अपरिचितांशी संभाषण करणे आपणास रुचते काय?' लवूचे बाबा म्हणाले, "मेजवानी म्हणजे काय रे? बारसं?" 'फावल्या वेळी बागेत एकांतात बसणे आपण पसंत करता काय?' तर म्हणे, "कुठची बाग? राणीची? थंय तर माकडां आसत!" बाहेर पोरं हाका मारत होती. लवूला धीर कुठला! त्यानं लाल पेन्सिल घेतली आणि 'होय, होय, होय' करत चार कागद सपासप उडवले. पाचवा भिवाकाकांचा. ते दोन पाळ्या करून आले होते, भिंतीला टेकून पेंगत होते. 'होय'वर खुणा करून लवूला कंटाळा आला होता.

"मग?" बकुळानं विचारलं.

"मग... बदल म्हणून सगळीकडे 'नाही' करून टाकलं."

बकुळा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चिठ्ठीची नीट घडी घातली आणि मुठीत धरली. लवूला गेरूच्या बादलीत तोंड खुपसावंसं वाटलं.

"चल," ती म्हणाली. "गिरणीत. साहेबांना हेच सांग."

"चल!" लवूनं पिंपावरून उडी मारली आणि दोन पावलांवर थबकला. "पण बकुळे... माझ्या बाबांचा कागदही मीच भरलाय. ते सांगितलं तर त्यांचं 'अ'पण खोटं ठरणार. त्यांनी काल पेढे वाटले गं!"

बकुळाला ते कळलं. "मग तू नको येऊस," एवढंच म्हणाली आणि एकटीच चालू लागली.

लवू तिथेच उभा. मग गोल फिरला. दगडाला लाथ मारली. बाबांचा कालचा चेहरा त्याला आठवला. सहा वर्षं बदलीत काढल्यावर काल पहिल्यांदा ते असे हसले होते! आणि बकुळा कडेवर पोर घेऊन शीवला बसलेली दिसली.

"जयवंता, तुझ्या बाबांचा गिरणीत न्यायचा डबा कुठाय?"

"घरी. का?"

"आण! पळ!"

गिरणीच्या गेटवर दरवानानं बकुळाला अडवलंच होतं. एवढ्यात दोघं धापा टाकत पोचले.

"डब्बा एक और आदमी तीन?" दरवानानं मिश्या पिंजारल्या.

"एक डबा धरायला," जयवंत म्हणाला.

"एक वाट दाखवायला," बकुळा म्हणाली.

"और एक... आमटी गिरेगी तो पुसने को!" लवू म्हणाला.

दरवान इतका हसला की त्याला अडवायचं भानच राहिलं नाही!

सबनीस साहेबांची खोली थंडगार होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलांनो, इथे कसे आलात?"

लवूनं एका दमात सांगून टाकलं. साहेब ऐकून गालात हसले. "बाळ, ही शास्त्रीय चाचणी आहे. हजारो लोकांवर घेतलेली. ती अशी चुकत नसते."

"साहेब, तुम्ही कागद पाहिलेत?" बकुळानं विचारलं.

"मी? उत्तरांची बेरीज कारकून करतो. माझ्याकडे गट येतो."

"मग एकदा बघाल का? लाल पेन्सिलीचे पाच असतील."

कारकुनानं गठ्ठ्यातून पाच कागद काढले. चारांवर वरपासून खालपर्यंत 'होय'. पाचव्यावर 'नाही'.

"आता सातवा प्रश्न वाचा ना, साहेब." बकुळानं एक कागद भराभर नजरेखालून घातला होता.

"'गर्दीत वावरणे आपणास आवडते काय?' होय."

"आणि तेविसावा?"

"'गर्दीचा आपणास उबग येतो काय?'" साहेब थांबले. "होय."

"चौघांनाही गर्दी आवडते आणि चौघांनाही गर्दीचा उबग येतो!" जयवंत फिस्सकन हसला. कारकुनानं खिडकीकडे तोंड वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"साहेब," लवू म्हणाला, "एकाच दुपारी, एकाच हातानं भरलेत हे. चारदा धीरगंभीर आणि पाचव्यांदा अस्थिर. आणि भरणारा मी एकटाच! यातला एक कागद माझ्या बाबांचा आहे. दत्ताराम पेडणेकर. तोही खोटाच आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हं. मग चाचणी पुन्हा घेऊ. या वेळी नीट विचारून."

"नीट विचारून तरी काय कळणार, साहेब?" बकुळा आता थांबायला तयार नव्हती. "मेजवानीत बाबा कसे वागतात ते तुम्ही विचारलंय. त्यांना मेजवानीला बोलावलंय कुणी? धागा तुटला की ते काय करतात, हे चाळीसांत एकदाही विचारलेलं नाही! नऊ वर्षं ते तुमच्याच गिरणीत आहेत. खात्यात जाऊन बघा ना!"

आता काही आपली धडगत नाही, असं जयवंतला वाटलं. त्यानं डबा पोटाशी घट्ट धरला.

कारकून हळूच म्हणाला, "साहेब, हजेरीबुकं आहेत. नऊ वर्षांची."

साहेब उठले. "आणा ती. आणि मला कताईखातं कोणत्या बाजूला आहे ते दाखवा." दारात वळून ते लवूला म्हणाले, "स्वतःच्या वडिलांविरुद्ध खरं बोलायला छाती लागते, मुला. आणि न वाचता गट पाडले, ही माझी चूक."

चार वाजता फळ्याभोवती ही झुंबड! यादी हजेरीवरून आणि मुकादमाला विचारून केलेली होती. पहिलंच नाव भिवाकाकांचं! खाली तीन नावं. दत्तारामाचं नाव नव्हतं. पाचांत त्याचीच नोकरीची वर्षं सगळ्यांत कमी होती.

साहेबांनी सगळी हकिगत गेटवरच सांगितली होती. भिवाकाका लवूजवळ आले. लवूनं मान खाली घातली. "काका, चुकलं माझं."

"चुकलंच," भिवाकाका म्हणाले. "पण चूक घेऊन साहेबापर्यंत गेलास. मोठी माणसं जात नाहीत रे." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बकुळा डोळे पुसत होती, हसतही होती. जूनमध्ये ती आठवीत बसणार होती!

पण लवूचं लक्ष नव्हतं. गर्दीतून त्याचे बाबा येत होते.

"काय दत्ताराम," मागून कोणीतरी टोमणा मारला, "पोरानंच पाय कापले की तुझे!"

दत्ताराम थांबला. एरवी त्यानं सगळी गल्ली दणाणून सोडली असती. तो आधी भिवाकाकांकडे गेला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "भिवा, तुझोच हक होतो." मग लवूसमोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. लवूला वाटलं, आता बसली थोबाडीत!

"वायट वाटला, झिला," दत्ताराम म्हणाला. "खोटा कित्याक सांगू? लय वायट वाटला."

"बाबा..."

दत्तारामानं त्याला जवळ ओढलं. इतक्या जोरात की लवूचं नाक त्याच्या सदऱ्यात चेपलं. मग टोमणा मारणाऱ्याकडे वळून, सगळ्या गेटला ऐकू जाईल असा तो गरजला, "गट-बिट मला कळत नाही! पण आज साहेबापुढे खरं बोलला तो पोरगा कुणाचा, असं कुणी विचारलं ना, तर सांगा. दत्ताराम पेडणेकराचा!"