शकिलाचा हसन

भिवंडीच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली माझं टेबल आहे. धंद्याचं नाव अर्जनवीस. अर्ज अरबी, नवीस फारसी आणि पोट मराठी, असं मी म्हणतो तेव्हा फखरुद्दीन मास्तर न चुकता हसतात. मास्तर मदरशात अरबी शिकवून निवृत्त झालेले. रोज अकराला चहाला येतात आणि माझ्या कागदावरच्या शब्दांचं कूळ काढत बसतात. दावा, मुदत, वकील, तारीख. एवढे चार उचलून नेले तर न्यायाधीशाला नुसतं खोकत बसावं लागेल. मलाही त्यांचा हा नाद लागला, आणि नाद लागला की मी शहाणपणा करायला जातो. बायको हेच सांगत आली आहे.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात साजिदा आली. धामणकर नाक्यामागं राहणारी, लूमवर सुताच्या कांड्या भरणारी, तिशीची बाई. नवरा हसन कुवेतला नोकरीला होता. नव्वदच्या ऑगस्टात तिथं सैन्य घुसलं आणि त्याची पत्रं थांबली. कंपनी, वकिलात, परत आलेली माणसं, सगळीकडे विचारून झालं होतं. चार वर्षं ठावठिकाणा नसलेल्या नवऱ्यापासून बाईला कायद्यानं मोकळं होता येतं. अंबाडीचा एक विधुर दुकानदार तिच्याशी निकाह करायला तयार होता.

"काका, रमझानच्या आत निकाल लागला तर बरं," ती म्हणाली. "माणूस भला आहे, पण किती थांबेल?"

मी दाव्यात 'गायब' असं टाइप केलं. मास्तर वाचून म्हणाले, "गायब आणि गैब एकाच घरातले. गैब म्हणजे जे असतं, पण आपल्याला दिसत नाही. अरबीत गायब माणूस संपलेला नसतो, रामनाथराव. समोर नसतो, एवढंच."

"कोर्टाला तेवढं पुरे," मी म्हणालो.

पहिल्या तारखेला पट्टेवाल्या चिंधूनं ओट्यावर उभं राहून पुकारा केला, "हसन वल्द अय्यूब हाजिर हो." तर गर्दीतून एक ढेरपोट्या इसम तणतणत पुढं आला. तोही हसन, त्याचाही बाप अय्यूब, राहायला दुसऱ्या मोहल्ल्यात. "मी रोज बायकोच्या हातचं जेवतोय, मला गायब कोण करतंय?" सगळा ओटा हसला. साजिदासुद्धा हसली. तारीख मात्र पुढं गेली.

असा घोळ पुन्हा नको म्हणून मी कागदावर बापाऐवजी हसनच्या आईचं नाव घातलं, शकिला. ती वारली त्याला दोन वर्षं झाली होती, पण मोहल्ल्यात त्याला तसंच ओळखत, शकिलाचा हसन.

मास्तरांनी तो कागद वाचला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हजर, हजेरी, हुजूर. सगळ्यांचं कूळ एक. समोर असणं," ते हळू म्हणाले. "त्याच कुळातला आणखी एक आहे. हाजरात."

हाजरात मला ठाऊक होती. आमच्या गावी नखाला काजळ लावून त्यात हरवलेल्या माणसाला बोलावून बघायचे.

"त्यात तीनदा बोलावतात," मास्तर म्हणाले. "आणि बापाचं नाव घेत नाहीत. आईचं घेतात."

"मास्तर, हे कोर्ट आहे."

"इथंही तीनदाच बोलावतात. नाव बदलता येईल का?"

बदलता आलं असतं. मला हसू आलं, आणि मी कागद तसाच आत दिला. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसरी तारीख जानेवारीतली. साडेअकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मी साजिदाबरोबर आत बाकावर बसलो होतो.

"हसन, शकिलाचा मुलगा, हाजिर हो."

भिवंडीत लूमचा खडखडाट ऐकू येत नाही, थांबला तरच कळतं. तो थांबला. लाईट गेली असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

चिंधूनं दुसऱ्यांदा पुकारलं. इतक्या गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिसऱ्या पुकाऱ्याला आमच्या बाकावरची माणसं सरकली. एसटीत सरकतात तशी, न बघता. मीही सरकलो.

साजिदानं ओढणी डोक्यावर घेतली.

चिंधू दारात आला. "हाय, साहेब. आला."

न्यायाधीशांनी मान वर न करता लिहिलं. प्रतिवादी जातीने हजर. म्हणणे देण्यास मुदत.

कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर लूम चालू होते. मी चिंधूचा दंड धरला. "कोण आला होता रे?"

"तुमच्याच बाजूला बसला व्हता," तो वैतागून म्हणाला. "मना काय इचारता?"

आठ दिवसांनी, मास्तर चहाला येऊन बसले होते तेव्हा, साजिदा टेबलाशी आली. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. "पुरसीस लिहा, काका. दावा मागं घेते."

"आणि अंबाडी?"

"त्यांना नको म्हणून कळवलं."

"साजिदा, कुणी आलेलं नाही. मी होतो ना तिथं. चूक माझी आहे, मी ती दुरुस्त करून आणतो."

"घरात माणूस असताना असा दावा चालवतात काय?" मग ती आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मलाही नको होतं, काका. पण बोलावलं तर आपणच ना."

मास्तर उठून गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मी टाइप केलं. तिनं वादीच्या जागी सही केली. मग प्रतिवादीच्या जागेवर बोट ठेवून तिनं कागद आणि पेन डावीकडे, रिकाम्या स्टुलापुढं सरकवलं. स्वतः ती उभीच होती. लिहायची सवय नसलेल्या माणसाला नाव काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. टेबल हलू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कागद परत आला. प्रतिवादीची जागा कोरी होती. तिच्याखाली नेहमीची ओळ होती, दोन्ही पक्षांनी माझ्यासमोर सह्या केल्या. त्या ओळीखाली मी माझी सही केली. खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही.