पाळीवर कोण रडतं?

"ऐकलं का? पुन्हा रडून राहिली!" मामेभाऊ धनेंद्रने रिंकीचा हात गच्च धरला.

तलावाच्या पाळीकडून, म्हणजे मातीच्या बांधाकडून, आवाज येत होता. ऊऽऽ... ऊऽऽऽ... वारा वाढला की आवाज वाढायचा आणि वारा पडला की हुंदका गिळल्यासारखा थांबायचा. दिवेलागणीची वेळ, मोहाच्या झाडांखाली दाटलेला अंधार, आणि त्यात हे! गोंदियाहून सुट्टीत मामाच्या गावी आलेल्या रिंकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"भूतबित कुछ नहीं होता," ती म्हणाली खरी, पण पाऊल मागंच घेतलं.

"मंग तू पुढं हो ना!" योगेश्वरी म्हणाली. धनेंद्रची ही धाकटी बहीण, जिभेला हाड म्हणून नाही!

गावात सगळे म्हणत, हे रुख्माआजीचंच काम. आजी पाळीजवळच्या झोपडीत एकटी राहायची. गेल्या बाजारापासून गावात बकऱ्या मरत होत्या. तोंडाला फेस यायचा, पाय लटपटायचे आणि खेळ खलास! मामाजींच्या दोन गेल्या, शेजारच्या शामकलाबाईंची एक गेली. झालं, पिकलं की गावभर! बुढीनं करणी केली, तिनं जागवलेलं भूत पाळीवर रडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर बैठक होती आणि म्हातारीला गावाबाहेर काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्यात सगळ्यात मोठा आवाज होता रिंकीच्याच मामाचा, हीरालाल मामाजींचा!

रिंकीला हे पटेना. हीच आजी त्यांना पदरातली गोड टेंभरं, तेंदूची फळं, वाटून द्यायची. या वयात ती कुठं जाणार होती? आपण आजच काही शोधलं नाही, तर उद्या तिचं घर जाणार, एवढं रिंकीला कळत होतं. म्हणून तर ही तिघं पाळ चढत होती.

ऊऽऽऽ! आवाज आता अगदी जवळून आला. पण झोपडीकडून नव्हे! पाळीखालच्या धानाच्या बांधीतून, भाताच्या शेतातून येत होता. मामाजींच्याच बांधीतून!

"माय वो!" योगेश्वरी मटकन खाली बसली. "तिथं मुंडकी आहेत! रांगेनं!"

रिंकीने मोबाइलचा उजेड टाकला. कुंपणाच्या प्रत्येक खुंटाला तारेनं एकेक छोटी बाटली बांधलेली होती, तोंड वर, झाकण नाही. वारा तोंडावरून गेला की बाटली घुमायची, आणि सगळ्या एकदम घुमल्या की अंगातलं रक्तच गोठायचं. रिंकीने पळसाचं पान तोडून एका बाटलीच्या तोंडावर दाबलं. त्या बाटलीचा आवाज बंद! पान काढलं, लगेच ऊऽऽ!

"हत्तेरी! हे तर बाबाचं जुगाड!" धनेंद्र हसत सुटला. "रानडुकरांसाठी बांधलं असंल!"

मामाजी जुगाडाचे बादशहाच होते. इंजेक्शनच्या कुपीत मशीनचं तेल, गोळ्यांच्या डबीत मामींच्या सुया, डगमगत्या टेबलाखाली खोकल्याच्या औषधाचं झाकण. काही फेकायचं नाही, उरलं तर शेजाऱ्यांना वाटायचं!

रिंकी मात्र हसली नाही. बाटल्यांना उग्र वास येत होता. लेबलावर लाल त्रिकोण आणि कवटी होती. "हात लावू नका! हे धानावर फवारायचं विष आहे. आणि याची झाकणं कुठं गेली?"

तिघांनाही एकदम आठवलं. हिरवी, खोलगट, मापाच्या रेघा असलेली झाकणं! तसलंच एक त्यांनी रोज पाहिलं होतं. बकऱ्या बांधायच्या कोठ्यात, त्यांच्या मिठाच्या डब्यात!

"पिवळी!" धनेंद्र किंचाळला. पिवळी त्याची लाडकी बकरी, आणि मीठ चारायची हीच वेळ.

मग जी धूम ठोकली! चपला कुठं गळाल्या, काटे कुठं रुतले, कुणाला भान नव्हतं. कोठ्यात मामाजी हिरव्या झाकणात मीठ भरून पिवळीच्या तोंडाशी नेतच होते. रिंकीने फटका मारला आणि झाकण भिंतीवर आदळलं.

"पागल झाली का?" मामाजी गरजले.

"मामाजी, ते विषाच्या बाटलीचं आहे!"

"त मंग? धुतलं होतं ना मी! चांगलं माप आहे, कायले फेकायचं? शामकलाबाईलेही देल्लो एक."

बोलता बोलता मामाजींनी झाकण उचलून हुंगलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून योगेश्वरीची किंकाळी आली. "आईच्या हळदीच्या डब्यातही एक आहे!" ते मात्र मामींनी अजून वापरलंच नव्हतं, नशीब!

गुरांचे डॉक्टर आले. पिवळीचे पाय आधीच थरथरत होते. तिला इंजेक्शन देऊन ते म्हणाले, "झाकणाच्या आट्यांत विष राहतंच. असं रोज थोडं थोडं पोटात गेलं, तर बकरी जगेल कशी?"

सकाळी चावडी गच्च भरली. रुख्माआजी खांबाला टेकून एकटी उभी होती. पंचांमधल्या म्हाताऱ्या बकारामजींनी विचारलं, "कोणाले काही सांगायचं आहे का?" मामाजी मान खाली घालून बसले होते. मामाजी बोलतील, आता बोलतील... छे! शेवटी तीच उठली.

"मामाजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मामाजी उठले. "बकऱ्या माह्या झाकणानं मेल्या. बुढीची काही चूक नाही. आवाजही माह्याच बाटल्यांचा." ते आजीसमोर गेले आणि तिच्या पायाशी वाकले.

"पोट्टे लहान, पण अक्कल आपल्याहून मोठी!" बकारामजींनी तिघांची पाठ थोपटली. "आज यायनं गावाची अब्रू वाचवली." मग त्याच सकाळी घरोघर फिरून ती झाकणं गोळा झाली. शामकलाबाईंनी तर तिघांना मोहाचे लाडूच खाऊ घातले.

आजीने रिंकीला जवळ घेतलं.

"मामाच्या विरोधात बोलताना भेव नाही लागला का वो पोरी?"

"लागला. खूप."

"मंग काऊन बोलली?"

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या बाजूला कोणीच उभं नव्हतं."