कापून ठेवलेली सिगार

सिगारचा कटर बिघडतो तो बहुतेक वेळा चिकाने. पानाचा चीक, थुंकी आणि खिशातला केर यांचा थर पात्यांच्या खाचेत साचतो. मग माणसं अक्कल गहाण ठेवून जोर लावतात आणि स्प्रिंग वाकवून माझ्याकडे आणतात. मी सव्वीस वर्षं कारखान्यात सिगारी वळल्या. बोटं आखडली तशी सोडलं, आणि सान हुआनमध्ये माझ्या दाराशीच टेबल टाकून लायटर आणि कटर दुरुस्त करायला बसले. वीज असो नसो, हे काम अडत नाही.

त्या मंगळवारी जेवण आटोपून बसले होते, तर ओब्दुलिया आली. रुमालात गुंडाळलेला कटर तिने माझ्यासमोर ठेवला.

"नीवेस, हा बघ गं. पाच दिवस झाले, मिटतच नाही."

"तू कधीपासून ओढायला लागलीस?"

"मी नाही. एवारिस्तो ओढतो."

एवारिस्तो तिचा नवरा. तो जाऊन आठ महिने झाले होते. त्याला खांदा द्यायला अर्धा कारखाना आला होता, कारण तो आमचा वाचक होता. आम्ही दीडशे जण ओळींनी बसून पानं वळायचो आणि तो समोरच्या ओट्यावरून वाचायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. दोनदा खाकरायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, की सगळा हॉल गप्प.

"ओब्दुलिया, उन्हातून आलीस ना? बस जरा."

"मला खुळी समजू नकोस," ती म्हणाली. "रोज तीनला मी कॉफी घेते, त्याची सिगार कापते आणि न पेटवता बशीत ठेवते. तो येतो. खाकरतो. वाचतो मला थोडं. कटर अडकला तेव्हापासून आलेला नाही. सुरीने कापून पाहिली, दातांनी तोडून पाहिली. नाहीच. मला घास उतरत नाही गं."

तिचे गाल खरंच बसले होते. आमच्याकडे मेलेल्यांसाठी पाण्याचे पेले भरून ठेवणारे पुष्कळ आहेत. माझ्या घरात तसला एकही पेला नाही. पण म्हाताऱ्या बाईचं मन मोडून मला काय मिळणार होतं? म्हटलं, उद्यापर्यंत करते.

ती गेल्यावर लगेच उघडला. दोन बारीक स्क्रू. सायकलचा आरा घासून केलेला माझा पेचकस त्यांना बरोबर बसतो. पाती सोडवून रममध्ये बुडवली, चीक सुटल्यावर काडीने खाच साफ केली. दगडावर धार काढली, एका बाजूने, घाई न करता. तेल घालायचं नाही, सिगारला वास लागतो. मेणबत्तीचं मेण चोळलं. वाकलेल्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनची कापून घातली. कटर असा मिटला की मीच स्वतःवर खूश झाले.

मग धार पाहायला माझी एक सिगार घेतली. बंद टोकाच्या टोपीची कड सोडून वरची नाण्याएवढी चकती उडवली. स्वच्छ काप, एक धागा सुटला नाही.

आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं: कापलेली सिगार लगेच तोंडाला लावून पेटवायची. कापून तशीच ठेवली की ती आपली राहत नाही. मीही नेहमी पेटवतेच. पण काड्या दमट झाल्या होत्या. शेगडीवरून पेटवून आणावं म्हणून आत गेले, तर काळा घेवडा उतू जाऊन सगळी शेगडी विझलेली. ती पुसण्यात, स्वतःला शिव्या घालण्यात दहा मिनिटं गेली.

बाहेर आले तेव्हा टेबलावरची सिगार निम्मी जळली होती. राख बोटाच्या पेराएवढी, सरळ उभी. पोरंटोरं ओढतात तेव्हा राख अशी राहत नाही. हे शांतपणे, सवयीने ओढणाऱ्याचं काम.

गल्लीत कुणी नव्हतं. समोरची कुत्री सावलीत झोपली होती.

कुणीतरी दोनदा खाकरलं.

पहिला विचार आला रेडिओचा. पण सकाळपासून वीज नव्हती. आणि रेडिओला ती कादंबरी कुठून ठाऊक असणार? दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट होती. एवारिस्तो गेला त्या आठवड्यात, मी अजून कारखान्यात होते तेव्हा, ती अर्धीच राहिली होती. राखणदार बायकोचं पत्र फोडत होता, तिथे. आवाजाने ते पत्र फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

मी हलले नाही. भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त बरं वाटलं. कारखाना सोडल्यापासून माझ्याशी एवढा वेळ कुणी बोललं नव्हतं.

बुधवारी मी मुद्दाम सिगार कापून ठेवली. गुरुवारीही. शुक्रवारी सकाळी ओब्दुलिया दारात उभी.

"झाला?"

"स्प्रिंग मिळेना गं," मी म्हटलं. कटर माझ्या एप्रनच्या खिशात होता.

"असू दे. तुझ्यासारखी कारागीर दुसरी नाही." जाताना तिने पेरूच्या मुरांब्याची बरणी ठेवली. तो मुरांबा माझ्या घशाखाली उतरला नाही.

सोमवारी लाज वाटून कटर तिला दिला. बुधवारी ती परत आली, भिंत धरत. "कटर झकास चालतो. पण तो येत नाही. नीवेस, काय गं झालं असेल?"

येत कसा असेल? तो माझ्याकडे येत होता. आता त्याला कटरही लागत नव्हता. मी सुरीने कापलेली सिगारसुद्धा चालत होती. कालच राखणदाराची बायको बोटीतून उतरली होती.

तिच्या हाताच्या शिरा पाहिल्या आणि माझ्याच्याने राहवेना.

"मी धार पाहिली होती," मी म्हटलं. "कापली, आणि पेटवली नाही."

तिने भिंतीवरचा हात काढला.

"वाचतो तुझ्यासाठी?"

"वाचतो."

"अगं मेले!" ती ओरडली. समोरची कुत्री उठून पळाली. "सव्वीस वर्षं तो रोज दिवसभर तुमचा होता! घरी यायचा तेव्हा घसा बसलेला असायचा. मला काय मिळालं? रविवार! आता कुठे तो माझा झाला होता, तर तेवढंही तुला बघवलं नाही?"

"चुकले मी. पण उपाशी मरू नकोस, पाया पडते तुझ्या."

ती बराच वेळ रडली. मीही. मग नाक पुसून म्हणाली, "तीनला घरी ये. दोघी मिळून बोलावू. आणि जाताना त्याला तिथेच सोडून जा."

तीनला गेले. कॉफी तयार होती. दोन आरामखुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर बशी. मी माझ्याकडच्या सगळ्या सिगारी तिला देऊन टाकल्या, यापुढे घरात एक ठेवणार नाही म्हटलं. तिने एक निवडली आणि कापली. चकती बशीत पडल्याचा बारीक आवाज झाला.

आम्ही थांबलो.

सिगारचं टोक हळूच तांबडं झालं.

दोनदा खाकरणं.

ओब्दुलियाने माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा एकदम भरल्यासारखा दिसला, नव्या नवरीचा असावा तसा. तो शेवटचं प्रकरण वाचत होता. मी मनात त्याचा निरोप घेतला. घे बाई, तुझा तुला परत दिला, असंही म्हटलं. जड वाटत होतं, पण हलकंही.

कादंबरी संपली.

कारखान्यात पुस्तक संपलं की टाळ्या नसत. ज्याने त्याने आपली पान कापायची सुरी समोरच्या फळीवर एकदा आपटायची. एकामागून एक, पहिल्या ओळीपासून मागे, जो तो आपल्या जागेवरून.

ठोका पडला.

आमच्या दोघींच्या हातांत काही नव्हतं. ओब्दुलिया डोळे मिटून हसत होती. तिला ऐकू येत होतं की नाही, ठाऊक नाही.

पहिली ओळ. दुसरी. ठोके सावकाश माझ्या मागे सरकत होते. तिसऱ्या ओळीत आम्ही बाराजणी बसायचो, मी सातवी. बाकीच्या अकराजणींना मी स्वतः टेकडीवरच्या दफनभूमीत पोचवून आलेय.

तिसरी ओळ सुरू झाली. सहा ठोके.

मग एका ठोक्याची जागा मोकळी सोडली.

मग पाच.