दगडांची वाटणी

आयविंद आणि ग्रिमकेल या भावांचं शेत म्हणजे खाडीच्या काठाला चिकटलेली जमिनीची एक चिंधी. मागे सरळसोट कडा, पुढे थंडगार पाणी, आणि मधल्या उतारावर, करड्या चिकट मातीत, जवाचं पीक. दर हिवाळ्यात जमीन गोठायची, फुगायची, आणि बर्फ वितळला की तिच्या पोटातून नवे दगड वर यायचे. ते वेचून काढल्याशिवाय नांगर चालत नसे.

हे काम आयविंदचं. थोरला म्हणून नव्हे, त्याला ते आवडायचं म्हणून. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, घराच्या दिशेनं सरकायचं, आणि शेताच्या मधोमध एक सपाट दगड मुद्दाम ठेवून द्यायचा, बसून जेवायला. धाकटा मदतीला गेला की तो हाकलायचा. "ग्रिम्या, तू दगड उचलत नाहीस, कुरवाळतोस. जा, बायकोला पाणी भरून दे."

बाप होता तोवर ठीक चाललं. तो गेला, आणि शेत दोघांत वाटायची वेळ आली. ग्रिमकेलची बायको हालबेरा तेव्हा पोटुशी होती. आयविंदला तीन मुलं. ग्रिमकेलनं आपला अर्धा भाग पावलांनी मोजला. रुंदी एकोणीस पावलं. त्यातच दक्षिणेकडच्या राजाचा माणूस येऊन सांगून गेला, की यापुढे प्रत्येक चुलीमागे कातडी आणि सुकी मासळी राजाला पोचली पाहिजे. एका शेतावर दोन चुली जगणार नव्हत्या.

"सगळं तू घे," आयविंद म्हणाला. "मी कुणाच्या तरी गलबतावर जातो."

"या वयात? वल्ही कुरवाळशील तिथं," ग्रिमकेल म्हणाला.

आयविंद हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पश्चिमेला एक मोठं बेट सापडलंय, तिथं माणूस नाही, राजा नाही, हवी तेवढी जमीन आहे, असं त्या वर्षी सगळेच बोलत होते. वसंतात ग्रिमकेल आणि हालबेरा दोन गाई, एक बैल, सहा मेंढ्या आणि बियाणं घेऊन त्या बेटाकडे निघालेल्या गलबतावर चढले. आयविंद गुडघाभर पाण्यात उभा होता.

"तिकडे दगड असतील का रे?" त्यानं शेवटी विचारलं.

"असतील की. दगड कुठं नसतात?"

"मग तुझं कसं व्हायचं?" आयविंद म्हणाला, आणि तोंड फिरवून काठाकडे चालू लागला. भाऊजींचे खांदे हलताना हालबेरानं पाहिले. ग्रिमकेलला तिनं ते कधीच सांगितलं नाही.

बेटावर दगड होते. काळे, छिद्राछिद्रांचे, जणू करपलेल्या भाकरीचे तुकडे. मातीही काळी. हालबेराला मुलगी झाली, गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर उभं राहिलं, दोन हिवाळे सरले. ग्रिमकेल रोज पाठ मोडेस्तोवर दगड काढायचा, तरी घोंगडी पसरावी एवढीच जागा मोकळी व्हायची. जवाचं बियाणं संपत आलं होतं.

तिसऱ्या वसंतात खालच्या कोपऱ्यातला एक दगड त्याला हलेना. वासराएवढा होता. त्यानं पहार लावली, नांगराला बैल जुंपला, लोखंडी फाळानं त्यावर आडवा ओरखडा उमटला, पण दगड जागचा हलला नाही.

सकाळी दगड तिथं नव्हता.

खड्डा होता. ओढल्याच्या खुणा नव्हत्या. हालबेरानं आजूबाजूचं गवत पाहिलं, ते कुठंच दबलेलं नव्हतं.

"शेजाऱ्यांनी नेला असेल," ग्रिमकेल म्हणाला.

"घोड्यावरून अर्धा दिवस लागतो शेजाऱ्यांकडे. दगड न्यायला येतील?"

दुसऱ्या सकाळी आणखी सात दगड गेले. नंतर रोज जाऊ लागले. पावसात, धुक्यातही. मोकळी जागा खालच्या कोपऱ्यातून घराच्या दिशेनं सरकत होती, सरळ ओळीत. हालबेराला भीती वाटायची, पण ती भीती विचित्र होती. दाराशी कुणी ओळखीचं माणूस उभं आहे आणि आत यायला संकोचतंय, असं काहीतरी.

महिनाभरानं एकदा ग्रिमकेल शेतातून आला. हालबेराचा हात धरून त्यानं तिला बाहेर नेलं. शेताच्या मधोमध एकच सपाट दगड राहिला होता. बाकी सगळीकडे स्वच्छ काळी माती.

"बसून जेवायला," ग्रिमकेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो हसत होता.

हालबेरानं त्या दगडावर वाटीभर दही ठेवलं. सकाळी वाटी चाटूनपुसून पालथी घातलेली होती.

त्या वर्षी जव कंबरेला लागला.

उन्हाळ्याच्या मध्यावर उल्फार नावाचा व्यापारी जुन्या घराच्या खाडीकडून गलबत घेऊन आला. जुना ओळखीचा माणूस. जेवण होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग चमचा खाली ठेवला.

"तुझा भाऊ बरा नाही, ग्रिमकेल."

"काय झालंय?"

"दिवसभर झोपतो. खांद्यांची कातडी सोललीय, हाताची नखं तुटलीत. आणि त्याच्या शेतात दगड येतायत. काळे. असले दगड आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. रोज सकाळी नवे. अर्धं शेत झाकलं गेलं. लोक म्हणतात, ते समुद्रात फेकून दे. तर तो कुणाला हात लावू देत नाही. म्हणतो, माझ्या धाकट्याचे आहेत, राहू देत."

ग्रिमकेलनं हालबेराकडे पाहिलं.

"एक दगड तर वासराएवढा आहे," उल्फार म्हणाला. "त्यावर फाळाचा ओरखडाही आहे. नांगर न लावता ओरखडा कसा आला, सांग बरं."

"मुलं काय खातात त्याची?" हालबेरानं विचारलं.

"मासळी. पुढच्या वर्षी काय खातील, माहीत नाही."

ग्रिमकेल उठला. उन्हं अजून होती. तो शेताच्या मधोमध जाऊन त्या सपाट दगडाशी उभा राहिला आणि पूर्वेकडे तोंड करून मोठ्यानं ओरडला.

"दादा! पुरे आता! रान साफ झालं! हात धू आणि झोप!"

आवाज उतारावरून खाली गेला. मेंढ्यांनी माना वर केल्या.

तो त्या दगडावर बसला. मग अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "आता माझी पाळी."

हालबेरा दारातून ऐकत होती. तिला ते शब्द आवडले नाहीत.

दगड जायचे थांबले. दही वाटीत तसंच राहू लागलं. हिवाळा शांत गेला.

बर्फ वितळायला लागला, तसा ग्रिमकेल उशिरा उठू लागला. खांदे दुखतात म्हणायचा. हालबेरा त्याला माशाचं तेल चोळून द्यायची. तो जेवताना पेंगायचा, पण चेहऱ्यावर समाधान असायचं, भरपूर काम करून आलेल्या माणसाचं.

"कुठं दमतोस एवढा?" तिनं विचारलं. "अजून नांगरसुद्धा बाहेर काढला नाहीस."

"कोण जाणे," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

एका सकाळी तो उठेचना. तिनं कोमट पाणी आणलं आणि झोपेतच त्याचे हात धुवायला घेतले. नखं तुटली होती. त्यांच्याखाली माती होती, चिकट आणि करडी.

बेटावरची माती काळीच होती, सगळीकडे.

तिनं त्याची मूठ हलकेच उघडली. तळव्यावर जवाचं एक कोवळं रोप होतं, दोन पानांचं, मुळं अजून ओली.

बेटावर त्या वर्षीची पेरणी अजून व्हायची होती.