जीपचा पिकअप कोणी गिळला?

"अब्बा, दाबा ना अजून!"

"पूर्ण दाबून राहिलो वं! आता पाय खालच्या डांबरालेच टेकते!" शफीकभाई वैतागून म्हणाले.

तेल्हाऱ्याहून अकोल्याला निघालेली त्यांची जुनी डिझेल जीप अशी चालली होती, की बाभळी मागे सरकताहेत की जीप पुढे, हे ठरवायला पंच बसवावे लागले असते! रस्त्यातल्या एका म्हशीने वळून पाहिलं आणि बाजूला व्हायची तसदीसुद्धा घेतली नाही.

पण अब्बांना घाई करणाऱ्या गुलनारला हसू आलं नाही. तिच्या शेजारी दुर्गाआजी डोळे मिटून बसली होती. शेजारच्या संघपाल आणि मायाची ही आजी. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. अकोल्याच्या दवाखान्यातलं मशीन आठवड्यातून दोनदा तिचं रक्त स्वच्छ करून द्यायचं. त्या दिवशी पोचेपर्यंत तिच्या मशीनवर दुसरा पेशंट झोपला होता. आजी संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहिली, तेव्हा कुठे तिचा नंबर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातवंडांना म्हणाली, "मी नाही जात आता. लोकाईले किती तरास द्याचा?"

दारात उभ्या गुलनारने ते ऐकलं. न जाण्याचा अर्थ तिघांनाही ठाऊक होता. दिवाळीची सुट्टी होती; तिघं अंगणात येऊन बसली.

"गाडीनं आजीले हरवलं," संघपाल हळूच म्हणाला.

"मंग गाडीलेच पकडू!" गुलनार उठली.

शफीकभाई बाजेवर पेपर वाचत होते. "मेकॅनिकनं मागच्या हप्त्यात सारं पाह्यलं. डिझेलचा फिल्टर बदलला. गाडी म्हातारी झाली, बस! बोनेटले हात लावला तर तंगडं तोडीन!"

"बोनेटले नाही लावत, चाचा. नुसती ढकलून पाह्यतो," संघपाल म्हणाला.

गिअर काढून तिघांनी सपाट जागी जीप ढकलली. ती मुकाट पुढे गेली!

"म्हंजे चाकाईले ब्रेक धरून नाही बसले," गुलनार म्हणाली. "अब्बा, क्लच घसरत असंल तं काय होते?"

"इंजन बोंबलते, गाडी जागेवर," पेपरमागून उत्तर आलं.

"आपलं तं इंजनच बोंबलत नाही! उभ्या गाडीत रेस केली तरी घुम्यासारखं घुमते. क्लचही नाही. अब्बा, एकदा चालू करा ना!"

कटकट करत शफीकभाईंनी चावी फिरवली आणि पाय दाबला. मागून काळाकुट्ट धूर निघाला. असा, की कावळा आत शिरला असता तर घरच्यांनी त्याला शोधत बसावं!

"अगं बाई!" माया खोकत ओरडली. "आजीनं चुलीत गच्च लाकडं कोंबली की असाच धूर होते!"

गुलनार जागच्या जागी थबकली. गच्च कोंबलेल्या चुलीत लाकूड असतं, पण हवा नसते. आजी दोन लाकडं बाहेर ओढते, फुंकणीने फुंकते, तेव्हा जाळ होतो. जीपच्या पोटात डिझेल पोचत होतं. मग हवा?

तिने संघपालच्या कानात काहीतरी सांगितलं. संघपालने चेहरा भोळा केला.

"चाचा, मेकॅनिकनं हवेचाही फिल्टर नवा टाकला ना?"

"टाकलाच असंल! सारं पाह्यलं म्हणे."

"नवा फिल्टर कसा दिसते, आमी कदी पाह्यलाच नाही. तुमाले खोलता येते का, का मेकॅनिकच लागते?"

"मले? अरे, तू पाळण्यात होता तवापासून गाडी चालवून राहिलो!" शफीकभाईंनी ताडकन बोनेट उघडलं, हवेच्या पेटीच्या क्लिपा खटाखट सोडल्या, झाकण उचललं...

आणि तसेच उभे राहिले.

पेटी कापसाने गच्च भरली होती! खाली फिल्टर काळा, कोंदलेला. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी केव्हाच गळून पडली होती. सावली मिळते म्हणून शफीकभाई रोज जिनिंग कारखान्याच्या कापसाच्या ढिगाला खेटून जीप लावायचे. त्या नळीतून कापूस आत नेणाऱ्या उंदरीला ऊबही मिळाली आणि गादीही.

"थांबा!" गुलनारने अब्बांचा हात धरला. कापसात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती.

गुलनारने ते घरटं जसंच्या तसं ओंजळीत उचललं आणि मागच्या कुंपणाशी, कडब्याच्या गंजीत ठेवलं. तिघं दूर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने उंदरी आली, एकेक पिल्लू तोंडात धरून आत घेऊन गेली.

दुपारी शफीकभाईंनी चौकातून नवा फिल्टर आणला, नळी फुंकून साफ केली, तोंडाला जाळी बसवली. चावी फिरवली, पाय दाबला मात्र, जीपने अशी झेप घेतली की त्यांची टोपी अंगणातच राहिली!

परत आल्यावर ते मुलांसमोर उभे राहिले. "मेकॅनिकनं ही पेटी उघडलीच नवती. अन् मी विचारलं नाही. नुस्त्या गाडीले शिव्या देत होतो. तुमी पोट्टेहो, डोक्यानं मोठे निघाले!"

मग ते स्वतः दुर्गाआजीकडे गेले. "दुर्गामाय, एकदा बसून पाह्य. माह्यासाठी."

ठरलेल्या दिवशी आजी जीपमध्ये बसली, पण तोंड फिरवून. अकोल्याला पोचले, तेव्हा तिचं मशीन मोकळं होतं. सिस्टरने चादरही घातलेली नव्हती.

"आज लवकर कशा काय, आजी?" सिस्टरने विचारलं.

आजीने काचेपलीकडे उभ्या तिघांकडे बोट दाखवलं. "त्याईले इचार. गाडीचा श्वास मोकळा केला त्याईनं."

परतीच्या वाटेवर ऊन कलतं होतं. गुलनार आजीचा हात धरून बसली होती.

"शफीक," आजी म्हणाली, "आता पुढच्या बारीले कवा निघाचं?"

शफीकभाईंनी आरशातून मागे पाहिलं. उत्तर गुलनारनेच दिलं.

"उजाडलं की, आजी!"